आत्याबाईंच्या हातचं मीठ

‘तुमच्या हॉटेलचा इतिहास लिहून द्या,’ असा निरोप आला तेव्हा मी आधी हसले. इतिहास म्हटला की गादीवर कोण कधी बसलं ते सांगावं लागतं. आमच्या घरात गादी एकच होती, चुलीपुढचा पाट, आणि त्यावर वर्षानुवर्षं एकच बाई बसलेली होती. त्या बाईला पाटावरून उठायची वेळ येऊ नये म्हणून आम्ही घरच्या तिघांनी जो घोळ घातला तो मला कालच्यासारखा आठवतो. बाकीचं सनावळीसकट विसरले. तेव्हा घोळच लिहिते.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. माझं पाहून गिऱ्हाइकंही त्यांना आत्याबाईच म्हणायची. आमच्यापेक्षा दुप्पट वयाचा ड्रायव्हरसुद्धा ट्रकमधून उतरता उतरता ‘आत्याबाई, दोन भाकरी टाका,’ असं ओरडायचा.

माझं माहेर सायखेड्याचं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी लग्न होऊन इथं आले. ‘मुलाचं हायवेवर हॉटेल आहे,’ असं आमच्या वडिलांना सांगितलेलं. मी आपली वाटेत मनातल्या मनात टेबल-खुर्च्या मांडत आले. पाहते तर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, चांदवडच्या अलीकडे रस्ता जरा चढतो तिथं, दगडी भिंतींची एक लांबट खोली. वर पत्रा, पुढे कडुलिंबाखाली चार बाक, मागे दोन चुली आणि एक विहीर. पाटीसुद्धा नव्हती. मी ह्यांना विचारलं, “हॉटेल कुठंय?” हे म्हणाले, “तू हॉटेलातच उभी हायेस.”

हॉटेल सुरू झालं ते एका मोडक्या ट्रकमुळे. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, आमच्या शेताच्या बांधाशी एका ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला. नवा पाटा येईपर्यंत ड्रायव्हर आणि क्लीनर दोन दिवस तिथंच बसून. आत्याबाईंनी त्यांना दोन दिवस घरची शेवभाजी-भाकरी वाढली. तिसऱ्या दिवशी ते गेले आणि आठवड्याने तोच ड्रायव्हर आणखी तिघांना घेऊन आला. आत्याबाई मामांना म्हणाल्या, “आता हे काय रोज येत्यात. बाहेर बाक टाका.” झालं, हॉटेल निघालं.

शेवभाजी हा नाशिक-खानदेशातल्या माणसाला सांगायचा विषय नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, वाटायचं, तेलात परतायचं, घरचा काळा मसाला घालायचा आणि पाणी ओतून रस्सा उकळायचा. जाड तिखट शेव अगदी ताट वाढताना घालायची, नाहीतर तिचा लगदा होतो. शेवेत मीठ असतंच, म्हणून रश्शात मीठ बेतानं. सगळी गोम या ‘बेतानं’मध्ये आहे. भाकरीचं तंत्र वेगळं. चढावर गाडीने गिअर बदलला की आवाज बदलतो. तो आवाज आला की पीठ मळायला घ्यायचं. गाडी थांबून माणूस हातपाय धुऊन बाकावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. लोकांना वाटायचं आम्ही त्यांची वाटच बघत होतो.

आणि आता आमचा एक कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. खोलीतल्या कोनाड्यात देवीची तसबीर होती. स्वयंपाक झाला की पहिलं ताट देवीपुढे, दुसरं पहिल्या गिऱ्हाइकापुढे, आणि घरातल्यांनी जेवायचं सगळ्यात शेवटी, दुपारी तीनच्या सुमाराला. तोवर कोणी जिभेला काही लावायचं नाही. चव बघायचीसुद्धा नाही. घरोघरी नैवेद्याच्या दिवशी हा नियम असतो. आत्याबाईंनी तो रोजचा केला होता आणि देवीसोबत गिऱ्हाइकाला बसवलं होतं. “आपण आधी चाटायचं न मग लोकांला वाढायचं? उष्टं इकायला बसलोय का आपुन?” असं त्या म्हणायच्या.

मी नवी होते, शहाणीही होते. विचारलं, “मग मीठ कसं कळायचं?”

“वासानं.”

“मिठाला कुठं वास असतो, आत्याबाई?”

“मिठाला नसतो. मीठ पडलं का रश्शाला येतो.”

पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटायच्या, एकदा हुंगायच्या आणि खड्यामिठाची एक मूठ टाकायच्या. मग परत हुंगून तीनचार खडे वर. कधी चुकायचं नाही. माझा विश्वास बसायला सहा महिने लागले.

त्यांच्या नाकाच्या गोष्टी रस्त्यावर प्रसिद्ध होत्या. मालेगावचे सलीमभाई कांद्याचा ट्रक घेऊन मुंबईला जायचे. एकदा जेवत असताना आत्याबाई ताट वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, “सलीमभाई, तुमच्या गाडीत कांदा सडायला लागलाय. डाव्या बाजूनं, खालच्या थराला.” सलीमभाई म्हणाले, “क्या बात करते आत्याबाई, कालच भरलाय माल.” जेवण झाल्यावर गंमत म्हणून पोती हलवली तर डाव्या अंगाची दोन ओली. त्या दिवसापासून सलीमभाई माल भरला की आधी आमच्याकडे ट्रक उभा करायचे आणि आत्याबाईंना गाडीभोवती एक चक्कर मारायला सांगायचे. आत्याबाईही पदर खोचून ऐटीत चक्कर मारायच्या.

दुसरं एक नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे गायकवाड गुरुजी. शेजारच्या गावात शाळेवर होते, नाशिकहून बदली होऊन आलेले, एकटेच राहायचे. पहिल्या दिवशी आले ते सायकल धरून बाहेर कडुलिंबापाशी उभेच राहिले. “मी बौद्ध आहे. इथंच वाढलंत तरी चालेल,” म्हणाले. आत्याबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “उभ्यानं जेवायचं आसंल तर बैलाच्या गव्हाणीत वाढते. नायतर गुमान आत येऊन बसा.” गुरुजी आत येऊन बसले. पुढे रोज साडेदहाला, शाळेच्या आधी, देवीनंतरचं पहिलं ताट त्यांचं ठरून गेलं. स्वभावाने फार भिडस्त माणूस. भाकरी करपली तरी ‘खरपूस आहे’ म्हणायचे.

तशी आत्याबाईंपुढे तक्रार करायची कोणाची छातीच नव्हती. एकदा मोटारीतून एक कुटुंब आलं. त्यातले गृहस्थ म्हणाले, “रस्सा थोडा कमी तिखट मिळेल का?” आत्याबाईंनी त्यांच्या ताटात गुळाचा खडा ठेवला आणि सांगितलं, “तिखट तेवढंच ऱ्हाईल. तुमी हे खाऊन धीर करा.” गृहस्थांनी धीर केला. डोळ्यांतून पाणी काढत ‘उत्तम, उत्तम’ म्हणत मोटारीत बसले.

तर अशा या आत्याबाईंना सन ऐंशीच्या आसपास, पावसाळ्याच्या शेवटी, ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. बऱ्या होऊन पाटावर येऊन बसल्या तेव्हा आम्ही सगळे सुटलो, कारण त्या पंधरा दिवसांत मी केलेला रस्सा गिऱ्हाइकांनी ‘आजाऱ्याच्या घरचं आहे’ या भावनेने खाल्ला होता.

पण काहीतरी बिनसलं होतं. आधी मला हिंगाने सांगितलं. फोडणीत हिंग करपला, आख्खी खोली कडवट वासाने भरली, आणि आत्याबाई शांतपणे त्यात कांदा लोटत होत्या. एरवी शेजारच्या शेतात हिंग करपला असता तरी त्या ओरडल्या असत्या. मी म्हटलं, नजर कुठंतरी असेल. मग आठवड्याने सलीमभाईंचा ट्रक आला. वाटेत पावसात अडकलेला, निम्मा कांदा सडलेला. वास असा की मामा पटक्याचं टोक नाकाला लावून विहिरीकडे गेले, गुरुजींनी ताट उचलून आत नेलं. आत्याबाई ट्रकला नेहमीची चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, “चांगला हाय माल. जाऊ द्या.”

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. भला माणूस, “शुक्रिया आत्याबाई,” म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी मला कळलं की आत्याबाईंचं नाक गेलं. नाकासोबत चवही गेलीच असणार, ती काही वेगळी राहत नाही. त्यांना स्वतःला ते माहीत होतं, हेही कळलं, कारण त्या पातेल्यावर वाकून आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ हुंगायच्या, डोळे जास्त घट्ट मिटून. आणि त्या कोणाला सांगणार नाहीत हेही मला ठाऊक होतं. त्यांच्या एका चुलतभावाची चांदवडला खानावळ होती. म्हातारपणी त्याच्या हातची चव गेली तेव्हा आत्याबाईंनीच त्याला तोंडावर सुनावलं होतं, “ज्याची जीभ गेली त्यानं चुलीपुढून उठावं. लोकांच्या पोटाशी खेळू नाय.” आता ते वाक्य त्यांच्याच वाटेत येऊन पडलं होतं. नाक गेल्याचं बाहेर फुटलं असतं तर त्या त्याच दिवशी पाटावरून उठल्या असत्या. आणि पाटाशिवाय आत्याबाई म्हणजे काय, याची मला कल्पनाच करवेना.

खरं सांगते, लिहायला लाज वाटते पण सांगते. नऊ-दहा वर्षं मी त्या पाटाकडे डोळे लावून होते. मला भाकरी, कांदा आणि भांडी, मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही. कितीदा मनात म्हटलं होतं, ह्या कधी उठतील. आणि आता एक शब्द बोलले असते तर त्या उठल्या असत्या. माझ्याच्यानं तो शब्द निघेना.

मग मी कायदा मोडला. आत्याबाई रोज स्वयंपाक झाला की आंघोळ करून देवीला फुलं आणायला मागच्या जास्वंदीपाशी जायच्या. तेवढ्यात भाकरीचा तुकडा रश्शात वरवर बुडवायचा, पिठाच्या कोठीमागे जाऊन तोंडात टाकायचा. मीठ कमी असलं तर टाकायचं, जास्त असलं तर कणकेचा गोळा सोडायचा, तो मीठ ओढून घेतो. गोळा नंतर काढून लपवायचा. रोज देवीपुढे हात जोडून मनात म्हणायचे, माय, तुझ्या आधी मी खाल्लं, पदरात घे. काही दिवस आत्याबाईंचा हात अचूक पडायचा, नुसत्या सवयीने. काही दिवस मूठ दोनदा पडायची. काही दिवस मला संधीच मिळायची नाही आणि मग गुरुजी मुकाट्याने भाकरी जास्त कुस्करायचे आणि दही मागायचे.

पाच-सहा महिने असे गेले. मला वाटत होतं, घरात हे गुपित माझं एकटीचं आहे.

आणि मग एस.टी.च्या लाल गाड्यांचं प्रकरण उपटलं. धुळ्याहून नाशिकला जाणाऱ्या गाड्या जेवणासाठी वाटेत वीस मिनिटं थांबायच्या. कुठं थांबायचं ते डेपोतले साहेब ठरवायचे. जुन्या थांब्याच्या जागी रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं, म्हणून नवी जागा शोधत होते. ह्यांनी अर्ज दिला. साहेब स्वतः येऊन जेवून बघणार असं कळलं. थांबा मिळाला असता तर रोजच्या दोन गाड्या, म्हणजे ऐंशी माणसं. नाही मिळाला तर आम्ही होतो तिथं होतोच. पण आत्याबाईंनी मनावर घेतलं. “माझ्या हातचं खाऊन नाय म्हणून दाखवावं त्यानं,” म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

ह्यांनी भिंतींना चुना लावला. मामांनी विहीर उपसून साफ केली, चार नवे माठ आणले, वाळा टाकला. आमच्या विहिरीचं पाणी गोड आणि गार, मामांना त्याचा भारी अभिमान. गुरुजींनी भिंतीवर सुवाच्य अक्षरात ‘हात धुण्याची जागा’ असं लिहून दिलं. तिथं हात धुवायचे हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, पण साहेबांना माहीत नसेल म्हणून.

त्या सकाळी आत्याबाईंनी कोणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. मोठं पातेलं, चाळीस माणसांचा रस्सा. रंग बघितला तर काय सुरेख, वर तर्री आलेली. मग त्या आंघोळीला आणि फुलांना गेल्या.

मी तुकडा बुडवून कोठीमागे गेले. अळणी! मीठ नावाला नव्हतं. आज नेमक्या विसरल्या! पळत जाऊन खड्यामिठाची एक भरघोस मूठ टाकली. ढवळायला पळी उचलली आणि तशीच ठेवली. आत्याबाईंचं नाक गेलं होतं, कान तिखट होते. जास्वंदीपाशी पळी वाजल्याचं ऐकू गेलं असतं. म्हटलं, उकळीत विरघळेल. मी बाहेर बाक पुसायला गेले.

आता मला जे तेव्हा माहीत नव्हतं ते सांगते. मी बाहेर गेले आणि मामा बिडीसाठी विस्तव घ्यायला आत आले. त्यांनी वरचा थेंब बोटाने चाखला. अळणी. उकळी मंदावलेली, माझं मीठ तळाशी खड्यांनी बसलेलं, वरच्या रश्शाला त्याचा पत्ता नाही. त्यांनी एक मूठ टाकली, तीही मामांची मूठ, कुदळ धरणारी. ढवळलं नाही, कारण तेच, आवाज. ते विस्तव न घेताच गेले. मग हे माठ भरायला आत आले. पळीच्या टोकाने चाखलं. अळणी. ह्यांनी मूठ टाकली आणि अंदाज म्हणून वर आणखी अर्धी.

साहेब साडेदहाला जीपने आले. बारीक चणीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद लावलेली पाटी. पेन उघडूनच उतरले. बाक बघितले, संडास बघितला, भिंतीवरचं अक्षर वाचलं आणि तिथं हात धुतले. गुरुजींचा चेहरा फुलला. आत्याबाईंनी पातेलं तळापासून चांगलं ढवळलं, देवीचं ताट वाढलं, मी ते कोनाड्यात ठेवलं. मग साहेबांचं, त्यांच्या शेजारी गुरुजींचं. ताटाच्या वरच्या कडेला आत्याबाईंनी रीतसर चिमूट चिमूट मीठही वाढलं.

साहेबांनी पहिला घास घेतला. घास तोंडात आणि माणूस जागच्या जागी थांबला. आत्याबाई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

“कसं झालंय?”

साहेबांनी घास गिळला. तो गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही. “छान,” म्हणाले. “अगदी... वेगळंच. जरा पाणी मिळेल?”

मामांनी तांब्या दिला. साहेबांनी तो संपवला. दुसरा घास, दुसरा तांब्या. मामांना वाटलं पाणी आवडलं, ते कौतुकाने भरतच राहिले. मला काहीच उमगेना. मी तर नीट मीठ टाकलं होतं!

गुरुजींनी एक घास घेतला होता आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे. मग ताट बाजूला सरकवून उठून उभे राहिले. वर्गात उभं राहतात तसे.

“आत्याबाई,” ते म्हणाले, “मुलांना मी रोज खरं बोलायला शिकवतो आणि इथं येऊन रोज खोटं बोलतो. आज साहेबांचा जीव धोक्यात आहे. मीठ फार झालंय.”

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “होय कसं? मी मीठ टाकलंच नाय.”

साहेबांनी तांब्या तोंडाला लावलेला तसाच धरला.

“टाकलंच नाय मी,” आत्याबाई परत म्हणाल्या. “माझं नाक गेलंय. चव गेलीय. आज परक्या माणसासमोर चूक नको म्हणून मुद्दाम टाकलं नाय. ज्याचं त्यानं घ्यावं म्हणून वर वाढलं. मग पातेल्यात मीठ आलं कुठून?”

मी म्हणाले, “आत्याबाई, मी... एकच मूठ...”

“तू टाकलंस?” मामा माझ्यावर ओरडले. “आगं मग मी कशाला टाकलं?”

“तुमी पण?” हे म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

आत्याबाईंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग सगळं बाहेर पडलं. मामा पाच महिन्यांपासून विस्तवाच्या निमित्ताने बोट बुडवत होते. हे पाण्याच्या निमित्ताने. मी कोठीमागे. म्हणजे कित्येक दिवस एकाच रश्शात तिघांनी सुधारणा केल्या होत्या. ज्या दिवशी मीठ दुप्पट झालं म्हणून मी कणकेचा गोळा सोडला होता, त्या दिवशीचं ते दुप्पट मीठ कदाचित मामांचंच असेल.

“म्हंजी पाच-सा महिने,” आत्याबाई सावकाश म्हणाल्या, “देवीच्या आधी तुमी तिघं जेवताय.”

साहेब हळूच म्हणाले, “मी निघू का?” आत्याबाई म्हणाल्या, “बसा. दही-भाकरी खाऊन जा. भुकेला माणूस माझ्या दारातून गेला नाय आजवर.” त्यांनी स्वतःच्या हाताने दही वाढलं. मग पळी माझ्या हातात दिली, बाहेर गेल्या आणि रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसल्या.

ज्याला घाबरून एवढा खटाटोप केला, तेच झालं.

चार दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. राग कशाचा, आम्ही चाखलं त्याचा की सांगितलं नाही त्याचा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. तीन माणसं त्यांच्या पाठीमागे बोटं बुडवत होती आणि त्या एकट्या पातेल्यावर वाकून न येणारा वास घेत होत्या. पहिल्याच दिवशी मी जवळ बसून ‘आत्याबाई, मी सांगते चव’ म्हटलं असतं तर त्यांचे ते सहा महिने वाचले असते. आम्ही त्यांचा मान राखत होतो असं म्हणायचो. खरं म्हणजे आम्ही घाबरत होतो.

पंधरवड्याने डेपोचं पत्र आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं. जेवणाबद्दल साहेबांनी एक ओळही लिहिली नव्हती. ‘पिण्याचे पाणी अत्यंत उत्तम, थंड व मुबलक असून प्रवाशांची चांगली सोय होईल,’ असं लिहून थांबा मंजूर केला होता. मामांनी ते पत्र काच लावून भिंतीवर टांगलं आणि कोणीही आलं की आधी पत्र दाखवायचे, मग पाणी पाजायचे.

गाड्या थांबायला लागल्या. पाट आता माझा होता, मसाल्याचा डबा माझा होता. आत्याबाई बाहेर बाकावर. मी बिनधास्त चाखत होते, मीठ बरोबर पडत होतं, आणि ताटांत रस्सा उरत होता. एक दिवस गुरुजींना विचारलं, “खरं सांगा.” एकदा खरं बोलल्यापासून त्यांना त्याची चटकच लागली होती. म्हणाले, “मीठ बरोबर आहे, वहिनी. बाकीचं कुठं गेलं?”

त्या दुपारी मी आत्याबाईंपाशी जाऊन बाकावर बसले. म्हटलं, “मला जमत नाही.”

“मीठ बराबर पडतंय की. समदे सांगत्यात.”

“हिंग करपला की मला वास येतो. पण तोवर तो करपलेला असतो. करपायच्या आधी तुम्हाला कळायचं. ते कसं?”

त्या रस्त्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तेल बोलतं. हिंग टाकायच्या वक्ताला तेलाचा आवाज बारीक व्हतो. ऐकत नाय का तू?”

“नाही.”

“दहा वर्षं काय मग निसत्या भाकरी बडवल्या?” असं म्हणून त्या उठल्या, आत आल्या आणि पाट ओढून माझ्या पाटाला लावून बसल्या. ही जी तीन-चार पावलं त्यांनी टाकली ना, त्यावेळी मला रडू आलं. चुलीच्या धुराचं निमित्त होतंच.

चाखायच्या कायद्याचं त्यांनी एका मिनिटात करून टाकलं. “पातेल्यातून येगळ्या वाटीत काढायचं. वाटीतलं उष्टं, पातेलं नाय. देवीला सांगितलंय मी.” मग कामाची वाटणी झाली. कान आणि डोळे त्यांचे, जीभ माझी. खोबरं किती काळं, कांदा कधी पुरे, तेल काय म्हणतंय, हे त्या सांगायच्या. मी वाटीतलं चाखायचे आणि त्यांना सांगायचे. पहिल्या दिवशी मी म्हणाले, “छान झालंय.” तर केवढ्यानं ओरडल्या. “छान म्हंजी काय? गिऱ्हाइकावानी बोलू नको. मीठ आधी लागतंय का मागून? खोबरं कडू लागतंय का गोड? घशाला काय लागतंय?” मला सांगता येईना. चव रोज तोंडात असून तिच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. हळूहळू शिकले. दुपारी तीनला जेवायला बसलो की मी प्रत्येक पदार्थाचं सांगायचे आणि त्या ऐकत ऐकत जेवायच्या. मी सांगायचं थांबले की त्यांचाही घास थांबायचा.

असं सात-आठ वर्षं चाललं. हॉटेल चाललं ते त्या दोन पाटांवर. कोणाचा हात म्हणून गिऱ्हाइकांनी विचारलं तर मामा सांगायचे, “हात दोघींचा. पाणी माझं.”

शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी आत्याबाईंचं मीठ बंद केलं. मी तांदळाची पेज चमच्याने भरवत होते. नेहमीसारखं विचारलं त्यांनी, “मीठ कसं हाय?”

मी म्हटलं, “बरोबर आहे.”

“खोटं बोलती. डॉक्टर दारात तुला काय सांगत व्हता ते ऐकलं मी.” दोन चमचे झाले. मग म्हणाल्या, “आता खरंच सांग. त्या साहेबाच्या टायमाला केवढं खारट झालं व्हतं गं?”

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “तोंडात धरवत नव्हतं, आत्याबाई. तो माणूस पाच तांबे पाणी प्यायला.”

आत्याबाई हसायला लागल्या. आवाज नव्हता, पोट हलत होतं. मग एकदम थांबल्या.

“आन् देवीला पयलं ताट तेच गेलं व्हतं की.”

“हो. मीच ठेवलं.”

“बिचारी,” आत्याबाई म्हणाल्या, “तिला तर कोनी पानी बी इचारलं नाय. तरी येक शबूद बोलली नाय. ती बी भ्याली आसंल मला.”